विश्लेषण : हाडे मजबूत करणारे औषध जबड्याच्या मुळावर का येते?

हाडे ठिसूळ झाली म्हणून आठवड्यातून एक गोळी, सहा महिन्यांतून एक इंजेक्शन किंवा वर्षातून एक सलाइन घेणारे ज्येष्ठ, विशेषतः महिला, आता घरोघरी दिसतात. कर्करोग हाडांत पसरलेल्या रुग्णांना हीच औषधे कितीतरी मोठ्या मात्रेत दिली जातात. या औषधांमुळे क्वचित जबड्याचे हाड उघडे पडते, मृत होते आणि महिनोन् महिने भरून येत नाही. हा दुष्परिणाम वैद्यकशास्त्राला २००३ पासून ठाऊक आहे आणि तो बऱ्याच अंशी टाळता येतो, हेही ठाऊक आहे. तरीही अनेक रुग्णांना त्याची पहिली खबर लागते ती दाढ काढल्यानंतर जखम भरत नाही तेव्हा. दोष औषधाचा कमी आणि ते देण्याच्या आपल्या पद्धतीचा जास्त आहे. म्हणून औषधाला घाबरून ते सोडण्याची गरज नाही. गरज आहे ती पहिल्या मात्रेआधी तोंड तपासण्याची, आणि ती जबाबदारी रुग्णाच्या नशिबावर न सोडण्याची.

नेमके काय होते?

एरवी दात काढल्यावर तिथली जखम काही आठवड्यांत हिरडीने झाकली जाते आणि आत हळूहळू नवे हाड तयार होते. या रुग्णांत मात्र हिरडी मिटत नाही. खालचे पिवळट-पांढरे हाड उघडे राहते, जिभेला खरखरीत लागते. काही वेळा हाड दिसत नाही. पण हिरडीला किंवा गालाला बारीक छिद्र पडून पू येत राहतो आणि त्यातून सळई घातली तर ती थेट हाडाला टेकते. वेदना, सूज, तोंडाला दुर्गंधी, शेजारचे दात हलणे, खालच्या ओठाला बधिरपणा ही इतर लक्षणे. सुरुवातीला काहीच दुखत नाही असेही होते, आणि म्हणूनच दुर्लक्ष होते.

निदानासाठी तीन गोष्टी पाहतात. रुग्ण हाडांची झीज रोखणारे औषध घेत आहे किंवा पूर्वी घेतलेले आहे. हाड आठ आठवड्यांहून अधिक काळ उघडे आहे किंवा छिद्रातून लागते आहे. आणि जबड्यावर किरणोपचार झालेले नाहीत. तिसरी अट महत्त्वाची, कारण तोंडाच्या कर्करोगावरील किरणोपचारानेही जबड्याचे हाड मृत होते. तो आजार वेगळा, त्याचे उपचारही वेगळे.

या विकाराचे वैद्यकीय नाव 'मेडिकेशन-रिलेटेड ऑस्टिओनेक्रोसिस ऑफ द जॉ', संक्षेपाने 'एमआरओएनजे'. आधी या नावात बिस्फॉस्फोनेट या एकाच औषधवर्गाचा उल्लेख होता. डेनोसुमॅबसारख्या वेगळ्या औषधांनीही हेच होते असे दिसल्यावर अमेरिकेतील मुख व जबडा शल्यचिकित्सकांच्या संघटनेने २०१४ मध्ये नाव बदलले.

हाडाचे औषध हाडालाच कसे नडते?

हाड म्हणजे एकदा बांधून ठेवलेली भिंत नव्हे. तिची डागडुजी आयुष्यभर सुरू असते. एका प्रकारच्या पेशी जुने, थकलेले हाड पोखरून काढतात. दुसऱ्या प्रकारच्या पेशी तिथे नवे हाड भरतात. घराची डागडुजी करताना गवंडी आधी सुटलेले पोपडे खरवडतो आणि मग नवा गिलावा देतो, तसेच हे. रजोनिवृत्तीनंतर किंवा उतारवयात खरवडणे जास्त आणि भरणे कमी होते. भिंत पोकळ होत जाते आणि साध्या घसरण्यानेही खुबा, मनगट किंवा मणका मोडतो.

अ‍ॅलेन्ड्रोनेट, रायझेड्रोनेट, आयबँड्रोनेट, झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड ही बिस्फॉस्फोनेट वर्गातील औषधे आणि डेनोसुमॅब हे इंजेक्शन खरवडणाऱ्या पेशींना आवर घालतात. त्यामुळे हाडाची घनता टिकते, वाढते. पण जिथे मोठी जखम झाली, तिथे भरण्याआधी खरवडणे आवश्यकच असते. दात काढल्यावर खड्ड्याच्या कडांचे मेलेले, संसर्ग झालेले हाड साफ करायला कुणी उरले नाही, तर त्यावर नवे हाड धरत नाही. भिंत मजबूत ठेवणारा उपाय त्या एका जागी भिंतीच्या दुरुस्तीच्या आड येतो.

शरीरात दोनशेहून अधिक हाडे, मग जबडाच का?

कारण जबड्याएवढे हाल दुसऱ्या कुठल्या हाडाचे होत नाहीत. दातांभोवतीच्या हाडाची डागडुजी इतर बहुतेक हाडांपेक्षा वेगाने चालते, त्यामुळे ती मंदावल्याचा फटकाही तिथे जास्त बसतो. मांडीचे हाड स्नायू आणि कातडीच्या जाड आवरणाखाली सुरक्षित असते. जबड्यावर मात्र हिरडीचा पातळ थर. त्या थरातून दात आरपार बाहेर आलेले, म्हणजे तोंडातील असंख्य जिवाणूंना हाडापर्यंत जायला वाट तयारच. त्यात चघळण्याचा रोजचा ताण, किडलेल्या दाताच्या मुळाशी साचलेला पू, हिरड्यांचा जुना आजार, सैल कवळीने होणारी घासाघीस. नोंद झालेल्या रुग्णांपैकी सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांत खालचा जबडा बाधित असतो.

एक गैरसमज इथेच दूर व्हायला हवा. दात काढल्यामुळेच हे सारे होते, असे सरसकट म्हणता येत नाही. अनेकदा ज्या दातामुळे संसर्ग हाडात आधीच उतरलेला असतो, तोच दात काढला जातो. दात काढल्यावर दडलेले दुखणे उघड होते. याचा अर्थ, औषध सुरू आहे म्हणून कुजलेला दात तसाच ठेवणे हा उपाय नाही, उलट धोका आहे.

हे कधी लक्षात आले?

अ‍ॅलेन्ड्रोनेटला अमेरिकेत १९९५ मध्ये ऑस्टिओपोरोसिससाठी मान्यता मिळाली. २००३ मध्ये मायामी विद्यापीठातील शल्यचिकित्सक रॉबर्ट मार्क्स यांनी एका वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहून जबड्याचे हाड उघडे पडलेल्या ३६ रुग्णांची माहिती दिली. ते पामिड्रोनेट किंवा झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड शिरेतून घेत होते, आणि बहुतांश कर्करोगाचे रुग्ण होते. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्क परिसरातील डॉक्टरांनी अशा ६३ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. मग जगभरातून नोंदी येऊ लागल्या.

वैद्यकाच्या इतिहासाला मात्र हे चित्र अनोळखी नव्हते. एकोणिसाव्या शतकात युरोपातील काडेपेटी कारखान्यांत पांढऱ्या फॉस्फरसची वाफ नाकातोंडात जाणाऱ्या कामगारांचे जबडे असेच सडत. व्हिएन्नाचे डॉक्टर लोरिन्सर यांनी १८४५ मध्ये त्याचे वर्णन केले होते. १८८८ मध्ये लंडनमधील काडेपेटी कारखान्यातल्या मुलींनी केलेल्या गाजलेल्या संपाच्या वेळीही हा आजार चर्चेत होता. १९०६ च्या बर्न करारानंतर अनेक देशांनी पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्यांवर बंदी आणली. भारतात त्यासाठी १९१३ मध्ये कायदा झाला. बिस्फॉस्फोनेटच्या रेणूतही फॉस्फरस असतो आणि दोन्ही आजारांतील साम्य संशोधकांनी नोंदवले आहे.

औषध आणि विषारी वाफ यांची बरोबरी करण्यासाठी हा इतिहास सांगितलेला नाही. त्या काळी प्रश्न सुटला तो कामगार मुलींना 'काळजी घ्या' असे सांगून नव्हे, तर व्यवस्था बदलून. आज बंदीची गरज नाही, औषध तर हवेच आहे. पण काळजीचा भार एकट्या रुग्णावर टाकण्याची जुनी सवय आपण अजून सोडलेली नाही.

धोका खरेच किती आहे?

इथे दोन गट वेगळे ठेवावे लागतात; ते एकत्र केले की घबराट होते.

पहिला गट हाडांच्या ठिसूळपणासाठी औषध घेणाऱ्यांचा. अमेरिकी शल्यचिकित्सक संघटनेच्या २०२२ च्या आढाव्यानुसार, गोळ्या घेणाऱ्या दर १० हजार रुग्णांत २ ते ५ जणांना हा त्रास होतो. वर्षातून एकदा झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड घेणाऱ्यांत हे प्रमाण १० हजारांत २ किंवा त्याहून कमी, तर सहा महिन्यांतून एकदा डेनोसुमॅब घेणाऱ्यांत वेगवेगळ्या अभ्यासांत ४ ते ३० आढळले आहे.

दुसरा गट कर्करोगाच्या रुग्णांचा. ऑस्टिओपोरोसिससाठी झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड वर्षाला ५ मिलिग्रॅम पुरते. हाडांत पसरलेल्या कर्करोगात ते ४ मिलिग्रॅम दर तीन-चार आठवड्यांनी दिले जाते. म्हणजे वर्षाकाठी दहापट किंवा त्याहून जास्त. डेनोसुमॅबही सहा महिन्यांतून ६० मिलिग्रॅमऐवजी दर चार आठवड्यांनी १२० मिलिग्रॅम. इथे धोका हजारांत नव्हे, शंभरांत मोजावा लागतो. बहुतेक अभ्यासांत तो शंभरात पाचापेक्षा कमी असला, तरी पहिल्या गटाच्या तुलनेत तो शंभरपटीपर्यंत जाऊ शकतो.

औषध जितकी जास्त वर्षे, तितका धोका अधिक. हिरड्यांचा आजार, सैल कवळी, सोबत चालू असलेली स्टेरॉइड किंवा केमोथेरपी, आटोक्यात नसलेला मधुमेह यांमुळे त्यात भर पडते. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात मिश्री लावणाऱ्या आणि तंबाखू धरणाऱ्या महिलांच्या हिरड्या आधीच खराब असतात. त्याच महिला साठी-सत्तरीत हाडांच्या औषधापर्यंत पोहोचतात, हे विसरून चालणार नाही.

मग औषधच बंद केलेले बरे नाही का?

नाही. आकडे शेजारी ठेवले की हे स्पष्ट होते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत ऑस्टिओपोरोसिस असलेल्या सुमारे साडेसात हजारांहून अधिक महिलांपैकी निम्म्यांना वर्षातून एकदा झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड आणि निम्म्यांना औषधाविना सलाइन देण्यात आले. तीन वर्षांत औषधाविना गटात शंभरातील अडीच महिलांचा खुबा मोडला, औषध घेणाऱ्यांत १.४ महिलांचा. मणका मोडण्याचे प्रमाण १०.९ टक्क्यांवरून ३.३ टक्क्यांवर आले. जबड्याचा त्रास? दोन्ही गटांत प्रत्येकी एक.

१० हजार महिलांचा हिशेब मांडला, तर तीन वर्षांत सुमारे ११० खुबे आणि साडेसातशेहून अधिक महिलांचे मणके मोडण्यापासून वाचतात. त्या बदल्यात एखाद-दोन जबड्यांना इजा होण्याची शक्यता. खुबा मोडलेल्या ज्येष्ठांपैकी साधारण पाचातला एक जण वर्षभरात दगावतो आणि वाचलेल्यांपैकी अनेकांना पुन्हा पूर्वीसारखे चालता येत नाही. त्यामुळे औषध सोडणे हा 'सुरक्षित' पर्याय वाटला, तरी तो नसतो.

डेनोसुमॅबबाबत तर सावधगिरी आणखी हवी. त्याचा परिणाम सहा महिन्यांनी ओसरतो आणि पुढची मात्रा चुकली तर दबलेल्या पेशी एकदम उसळून हाड वेगाने झिजते. काही रुग्णांत एकापाठोपाठ एक अनेक मणके दबतात. व्हॉट्सअ‍ॅपवरील संदेश वाचून हे इंजेक्शन परस्पर बंद करणे जबड्याच्या धोक्यापेक्षा कितीतरी घातक ठरू शकते.

घोडे पेंड कुठे खाते?

दोन दवाखान्यांच्या मधल्या जागेत. हाडांचे औषध अस्थिरोगतज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ, संधिवाततज्ज्ञ किंवा कर्करोगतज्ज्ञ लिहून देतात. दात काढतो दंतवैद्य. या दोघांची कधी गाठ पडत नाही. त्यांच्यात एकच दुवा असतो, तो म्हणजे रुग्ण. आणि त्या रुग्णाला काय सांगितलेले असते? 'हाडाची गोळी आहे, उपाशीपोटी घ्या, अर्धा तास आडवे होऊ नका.' घरात ती 'कॅल्शियमची गोळी' म्हणून ओळखली जाते.

मग दंतवैद्य विचारतो, 'काही औषधे चालू आहेत का?' आजी सांगतात, बीपीची आणि शुगरची. आठवड्यातून एकदाच घेण्याची गोळी रोजच्या डब्यात नसते, त्यामुळे ती आठवत नाही. आठ महिन्यांपूर्वीचे सलाइन तर औषध म्हणून मोजलेच जात नाही. आणि पाच वर्षे घेऊन दोन वर्षांपूर्वी बंद केलेली गोळी सांगण्याजोगी आहे, असे कुणाला वाटणार? वास्तविक बिस्फॉस्फोनेट हाडात रुतून बसते. अ‍ॅलेन्ड्रोनेटचा हाडातील अंश निम्म्यावर यायला सुमारे दहा वर्षे लागतात. इंजेक्शनच्या खोक्यातले माहितीपत्रक इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत असते, आणि ते बहुधा रुग्णालयाच्या कचरापेटीत जाते. रुग्णाने माहिती लपवलेली नसते. त्याला ती कुणी दिलेलीच नसते.

औषध सुरू करण्याआधी काय करायला हवे?

औषध लिहिले जात असतानाच दंतवैद्याकडून तपासणी आणि गरज भासल्यास दातांचा एक्स-रे. वाचवता येण्याजोगे नसलेले दात तेव्हाच काढावेत, हिरड्यांची सफाई करून घ्यावी, कवळी घासत असेल तर ती दुरुस्त करावी. दात काढावा लागला आणि औषध थांबू शकत असेल, तर जखम भरेपर्यंत पहिली मात्रा पुढे ढकलावी. कर्करोगाच्या रुग्णांत ही पायरी जवळपास सक्तीची मानली पाहिजे.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो. खुबा मोडून आलेल्या आजींना दंतवैद्याकडे पाठवले, तर औषध लांबणीवर पडून दुसरे हाड मोडणार नाही का? उत्तर असे की तपासणी आणि औषध यांना रांगेत उभे करण्याची गरज नाही. ठिसूळपणासाठीच्या औषधांत धोका काळानुसार वाढतो, पहिल्या काही महिन्यांत तो नगण्य असतो. त्यामुळे तातडी असेल तर औषध सुरू करावे आणि तपासणी पुढच्या काही आठवड्यांत उरकावी. कर्करोगात रक्तातील कॅल्शियम धोकादायक पातळीवर गेले असेल, तर दातांसाठी थांबण्याचा प्रश्नच येत नाही. 'आधी तपासणी' हा नियम आहे, अडसर नव्हे.

औषध सुरू असताना दात काढावा लागला तर?

सर्वप्रथम दंतवैद्याला औषधाचे नाव, ते कशासाठी आणि किती वर्षांपासून घेत आहोत, हे सांगावे. दात रूट कॅनल करून वाचत असेल, तर तो पर्याय बहुधा चांगला. काढावाच लागला, तर जखम कमीत कमी ठेवून, जंतुनाशक द्रावणाच्या गुळण्या देऊन आणि भरून येईपर्यंत पुन्हा पुन्हा तपासून तो काढता येतो. ठिसूळपणासाठी गोळ्या घेणाऱ्या रुग्णांत दात काढल्यानंतरही त्रास होण्याचे प्रमाण हजारात एक-दीडहून अधिक आढळलेले नाही. म्हणजेच 'तुम्ही हाडाची गोळी घेता, मी दाताला हात लावणार नाही' असे सांगून रुग्णाला परत पाठवणे योग्य नाही. असा रुग्ण वेदनाशामके घेत बसतो आणि संसर्ग हाडात उतरतो.

दात काढण्याआधी गोळी काही आठवडे बंद ठेवावी का, यावर तज्ज्ञांमध्ये एकमत नाही. औषध हाडात वर्षानुवर्षे राहत असल्याने अल्पकाळाच्या सुट्टीने फारसे साधत नाही, असे अनेकांचे मत आहे. डेनोसुमॅबबाबत शेवटच्या इंजेक्शननंतर तीन-चार महिन्यांनी दात काढणे आणि पुढची मात्रा फार लांबू न देणे, असा मध्यममार्ग सुचवला जातो. धोका मोजण्यासाठी 'सीटीएक्स' ही रक्ततपासणी काही ठिकाणी करायला लावतात. तिच्या आकड्यावरून कुणाला त्रास होईल हे सांगता येत नाही. त्यावर पैसे घालवण्यापेक्षा ते दात साफ करून घेण्यावर खर्च करणे शहाणपणाचे.

हाड उघडे पडलेच तर?

घाबरू नये आणि घरगुती उपायांत वेळही घालवू नये. मुख व जबडा शल्यचिकित्सकाला दाखवावे. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालये आणि गोव्यात बांबोळीचे दंत महाविद्यालय अशा ठिकाणी ते उपलब्ध आहेत. सुरुवातीच्या टप्प्यात क्लोरहेक्सिडिनच्या गुळण्या, तोंडाची काटेकोर स्वच्छता आणि संसर्ग असल्यास प्रतिजैविके यांवर भागते. कधी मृत हाडाचा तुकडा आपोआप सुटून येतो आणि खाली हिरडी भरते. आजार पुढे गेला, तर मृत हाड शस्त्रक्रियेने काढावे लागते. योग्य रुग्णात वेळेत केलेल्या शस्त्रक्रियेचे निकाल चांगले आहेत. मात्र दुर्लक्ष झाले तर जबड्याचे हाड मोडण्यापर्यंत किंवा जबड्याचा भाग काढण्यापर्यंत वेळ येते. खाणे, बोलणे, चेहरा, सगळेच पणाला लागते.

सांगितले तर रुग्ण घाबरतील, हे खरे नाही का?

अनेक डॉक्टर खासगीत हेच म्हणतात आणि त्यांची भीती निराधार नाही. अमेरिकेत जबड्याचा त्रास आणि मांडीचे हाड विचित्र पद्धतीने मोडण्याचा दुसरा दुर्मीळ दुष्परिणाम यांच्या बातम्या गाजल्यानंतर २००८ ते २०१२ या काळात बिस्फॉस्फोनेट गोळ्यांचा वापर निम्म्याहून अधिक घटला. तिथे ज्येष्ठांतील खुबा मोडण्याचे प्रमाण वर्षानुवर्षे कमी होत होते. ती घसरण २०१२ नंतर थांबली. त्यामागे औषध सोडणे हे एकमेव कारण होते असे सिद्ध झालेले नाही, पण तज्ज्ञांची चिंता तीच आहे.

यातून काढायचा धडा मात्र 'सांगू नका' असा नाही. ते रुग्ण घाबरले, कारण त्यांना ही गोष्ट आपल्या डॉक्टरऐवजी दूरचित्रवाणीवरून कळली. धोका ऐकला, त्याचे प्रमाण ऐकले नाही, आणि तो टाळण्याचा मार्ग तर नाहीच नाही. आज आपल्याकडे दूरचित्रवाणीची जागा मोबाइलने घेतली आहे. डॉक्टरांनी दोन मिनिटे दिली नाहीत, तर ती दोन मिनिटे यूट्यूब घेणार, हे नक्की. 'गोळ्या घेणाऱ्या दहा हजारांत पाचापेक्षा जास्त जणांना होत नाही, दात तपासून घेतले तर आणखी कमी होईल, आणि औषध सोडले तर खुब्याला धोका आहे' हे वाक्य घाबरवणारे नाही. ते रुग्णाला निर्णयात सहभागी करून घेणारे आहे.

काय बदलायला हवे?

ब्रिटनमध्ये औषध नियामकाने २०१५ पासून डेनोसुमॅब आणि शिरेतून दिल्या जाणाऱ्या बिस्फॉस्फोनेटसोबत रुग्णाला एक छोटे स्मरणपत्र देण्याची पद्धत आणली. औषध सुरू करण्याआधी दातांच्या तक्रारी सांगा, दंतवैद्याला या औषधाविषयी सांगा, तोंडात जखम भरत नसेल तर लगेच कळवा, एवढेच त्याचे सार. खिशात मावेल असा कागद. पण दोन दवाखान्यांमधला तुटलेला दुवा तो जोडतो.

आपल्याकडे असे कार्ड मराठीत, ठळक अक्षरांत प्रत्येक इंजेक्शन आणि प्रत्येक गोळीच्या पाकिटासोबत सक्तीचे व्हायला हरकत कसली? औषध कंपन्यांना त्याचा खर्च नगण्य आहे. नियामकांनी ते बंधनकारक करेपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. कर्करोग रुग्णालये झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडच्या पहिल्या मात्रेआधीच्या यादीत रक्ततपासणीबरोबर 'दंततपासणी झाली का' हा रकाना घालू शकतात. अस्थिरोगतज्ज्ञ चिठ्ठीवर औषधाच्या खाली एक ओळ लिहू शकतात : 'दातांची तपासणी करावी; दात काढण्याआधी ही चिठ्ठी दाखवावी.' दंतवैद्य 'काही औषधे चालू आहेत का' या प्रश्नाऐवजी 'हाडांसाठी कधी गोळी, इंजेक्शन किंवा सलाइन घेतले आहे का' असे विचारू शकतात. प्रश्न बदलला की उत्तर बदलते.

पैशाचा प्रश्न उरतोच. दातांचे बाह्यरुग्ण उपचार आपल्या बहुतेक आरोग्य विम्यांत बसत नाहीत. त्यामुळे दुखल्याशिवाय दंतवैद्याकडे जायचे नाही, ही सवय केवळ आळसातून आलेली नाही, ती खिशातूनही आलेली आहे. खुब्याच्या शस्त्रक्रियेचे पैसे देणाऱ्या विम्याने आणि सरकारी योजनांनी या औषधांआधीच्या एका दंततपासणीचा खर्चही उचलला, तर तो वाया जाणार नाही.

घरात कुणी ही औषधे घेत असेल, तर तोवर करण्यासारखे एक काम आहे. गोळीच्या पट्टीचा किंवा इंजेक्शनच्या खोक्याचा फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवावा, सुरू केल्याची तारीख सोबत लिहावी आणि दंतवैद्याच्या खुर्चीत बसण्याआधी तो दाखवावा. औषध मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये.